ॲबरडीनचा ग्रॅनाइट आणि मॅकेन्झी
तुमचा लेख आवडला, पण त्यात स्कॉटलंडच्या मार्शल मॅकेन्झींना नुसतं ‘प्रांतिक वास्तुविशारद’ म्हणून मोकळं होणं पटलं नाही. जन्म एल्गिनचा (१८४८), वडीलही वास्तुविशारद, बस्तान ॲबरडीनला, इथवर ठीक. पण लंडनमधलं वॉल्डॉर्फ हॉटेल आणि ऑस्ट्रेलिया हाऊस त्यांनी मुलाच्या साथीनं उभारलं, ते कसं विसरायचं?

आणि त्यांनीच घडवलेला ॲबरडीनच्या मार्शल कॉलेजचा दर्शनी भाग! १९०६ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ग्रॅनाइट म्हणजे छिन्नीला दाद न देणारा दगड. नाजूक कोरीवकाम सहसा वालुकाश्मात करतात. इथे मात्र त्या करड्या ग्रॅनाइटचीच निमुळती शिखरं ओळीनं आभाळात चढलीत. फोटोतसुद्धा नजर हटत नाही. लेखात त्याला एकच ओळ मिळाली, याचं फार वाईट वाटलं.