पावसानंतर खाडी 'मेली' म्हणणाऱ्यांसाठी

"दोन दिवस धो धो कोसळलाय, आता आठवडाभर खाडीत काही लागायचं नाही." हे ऐकून ऐकून कान किटले. बरीच वर्षं मीही असंच म्हणून गळ गुंडाळून घरी बसायचो. आता बसत नाही, कारण आपण आभाळ बघतो आणि पाणी बघायचं विसरतो.

एकदा मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी मी एका बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि ती तळाशी सोडली. टेकल्यावर बूच खेचलं. दुसरी बाटली वरच्या वर बुडवून भरली. वरचं पाणी दुधाच्या चहासारखं, खालचं बऱ्यापैकी निवळ! माशांच्या टाकीसाठी मिळतो तो तरंगता क्षारमापक वरच्या पाण्यात खोल बसला, खालच्यात टुणकन वर आला. म्हणजे वर गोडं, खाली खारं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड होतं, पण तेवढं पुरतं. लोंढा वरून वाहत राहतो आणि भरतीचं खारं पाणी पाचरीसारखं तळानं आत घुसतं. खाडी उथळ असली किंवा पूरच दांडगा असला, तर ती पाचर मुखाबाहेर ढकलली जाते. तेव्हा मुखाकडेच जावं, खाडीच्या वरच्या अंगाला बसून नशिबाला बोल लावू नये.

मासा जागा बदलतो, एवढंच. जिताडा, बोई यांना गोड्या पाण्याचं फारसं वावडं नाही. बाकीचे खाऱ्याच्या मागे खाली सरकतात. कोळंबीही लोंढ्याबरोबर मुखाकडे येते आणि तिच्यावर टपलेले तिच्या मागोमाग. गढूळ आणि निवळ पाणी जिथे भेटतं तिथे फेस, काटक्या, पानांची एक रेघ दिसते. मी तीच शोधतो आणि गळ निवळ बाजूला, खोल सोडतो. गढुळात टाकायचाच असेल तर वासाचं आमिष लावा. चकचकीत नकली मासा तिथे कोणाला दिसणार?

भरतीच्या वेळापत्रकाला शिव्या घालणाऱ्यांचं मात्र मला हसू येतं. नदीचं पाणी ओहोटीला जोर देतं आणि भरतीला अडवतं, मग खाडीच्या आत वेळा सरकणारच. वर पानं अजून समुद्राकडे चाललेली असतात आणि खाली गळाची दोरी उलट्या दिशेला ताणायला लागते. ही माझी सगळ्यात आवडती वेळ. काठावरचे बाकीचे तेव्हा सामान आवरत असतात.

पण कोरड्या दिवसांनंतरचा पहिला मोठा पाऊस झाला की मीही जात नाही. रस्त्यावरचं तेल, शेतातलं खत, गटारं, सगळं एकदम खाडीत उतरतं. वाहून आलेला पालापाचोळा कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. लोक जाळी घेऊन धावतात. मला ते बघवत नाही, खाणं तर दूरच. शिंपले-कालवं तर त्या दिवसांत नकोच. ती पाणी गाळूनच जगतात, घाण त्यांच्यात साठते. जोरदार पावसानंतर काही देशांत ती काढायला काही काळ बंदी असते, ती उगाच नाही.

आणि होडीने जाणार असाल तर पुढे एकाला नुसतं पाण्यावर लक्ष ठेवायला बसवा. अर्धवट बुडालेला ओंडका गढुळात अजिबात दिसत नाही.