गोष्टीतला गैरसोयीचा भाग

देवीच्या रोगाचा निसर्गतः लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण म्हणजे सोमालियातला अली माओ मालिन. १९७७ साल. तो कामाला होता चक्क एका रुग्णालयात, स्वयंपाकी म्हणून, तरीही त्याने लस टाळली होती. कारण? टोचताना दुखेल! तो बरा झाला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. पुढे मालिन पोलिओच्या मोहिमेत शिरला आणि लस नाकारणाऱ्या आईबापांना आपलीच फजिती सांगत फिरला. २०१३ मध्ये सोमालियात पोलिओने पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा तो परत कामाला लागला आणि त्याच सुमारास मलेरियाने गेला.

‘शेवटचा रुग्ण’ म्हणून कुणीही त्याला हारतुरे घातले असते. पण तो सांगायचा ते स्वतःच्या भित्रेपणाचं. समोरच्या आईच्या मनातही तीच भीती असते, फक्त डॉक्टरांपुढे ती बोलून दाखवत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे आरोग्याच्या कार्यक्रमांत ‘बऱ्या झालेल्या पेशंटचं मनोगत’ नावाचा जो प्रकार असतो, त्यातून नेमका हाच भाग कापला जातो. मी क्षयाची औषधं घेऊन बरी झाले आहे. एका संस्थेने बोलायला बोलावलं तेव्हा फोनवरच्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, “मॅडम, औषधांच्या त्रासाचं नका ना सांगू, लोक घाबरतील. घरच्यांनी कशी साथ दिली, तुम्ही हिंमत कशी ठेवलीत, ते सांगा.”

हेतू चांगलाच होता. पण रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी केशरी-लालसर होते, हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस बाथरूममध्येच हादरतो. त्यात काही धोका नसतो, एका वाक्यात सांगून होतं. मळमळ सुरू झाली तर औषध मनाने थांबवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गाठायचं. कोर्स सहा महिन्यांचा, आणि बरं वाटायला लागतं त्याच्या कितीतरी आधी. मध्येच औषध सोडणाऱ्यांना हिंमतीचे धडे देऊन काय होणार? त्यांना आधी कल्पना हवी होती.

गैरसोयीच्या भागाला धरून बसलं की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले आणि भारताच्या नंदिता वेंकटेशन यांनी दाखवलं. दोघींना औषधांना दाद न देणारा क्षय झाला, दोघी वाचल्या, पण उपचारांनीच दोघींची श्रवणशक्ती नेली. ‘मृत्यूवर मात’ म्हणून त्यांना मिरवता आलं असतं. त्यांनी विचारलं, कान न घालवणारं औषध आहे तर ते सगळ्यांना का मिळत नाही? ते औषध म्हणजे तोंडाने घ्यायचं बेडाक्विलीन. त्याचं पेटंट लांबवायच्या अर्जाला त्यांनी २०१९ मध्ये भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला आणि स्वस्त जेनेरिक औषधाची वाट मोकळी झाली. त्यांची कहाणी नुसती हळहळ वाटून संपली नाही, थेट कायद्याच्या कागदावर गेली.

आता उलट बाजू. गोवराच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्डचा लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो अवघ्या बारा मुलांवर. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. तरी ती भीती अजून घरोघरी फिरते, कारण तिच्यामागे आईबापांच्या गोष्टी आहेत. ते खोटं बोलत नव्हते. लशीचा पहिला डोस आणि ऑटिझमची लक्षणं नजरेत भरायचं वय साधारण एकच पडतं. आधी हे, मग ते, एवढं त्यांनी पाहिलं होतं. अनुभव खरा असतो. त्याचं कारण मात्र हजारो मुलं तपासूनच कळतं, आणि तशी तपासल्यावर संबंध सापडला नाही.

लशीच्या बाजूने बोलणाऱ्यांची पंचाईत अशी की न झालेल्या गोवराला गोष्टच नसते. ‘माझ्या मुलाला काही झालं नाही’ यावर कोण टाळ्या वाजवणार! म्हणून मालिनसारखी माणसं लागतात.

१९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या काही जणांनी एक निवेदन काढलं. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला सामील करा, असं त्यात होतं. चाळीस वर्षं उलटून गेली, आम्हा पेशंटना अजून माइकच मिळतोय. तोही पाच मिनिटं, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुण्यांच्या मधे.

त्यामुळे हल्ली कुणी बोलायला बोलावलं की मी आधी विचारते, पेशंटच्या हातात द्यायचं माहितीपत्रक कोण लिहितंय, आणि छपाईला जाण्यापूर्वी मला दाखवाल का? बऱ्याच ठिकाणांहून त्यानंतर फोन येत नाही. जिथून येतो, तिथे मी आनंदाने जाते आणि लघवीच्या रंगापासून सुरुवात करते.