बाला, जेवून घे

"बाला, जेवून घे."

कोण बाला? शनिवारी रात्रीचा हिंदी सिनेमाचा खेळ. पडद्यावर मराठी आई ताट घेऊन उभी, मागे देवघरात समई, त्याच्याही मागे बासरी. म्हणजे आता रडायचं आहे, हे आम्हाला कळलेलं. सगळे घसा दाटून आणायच्या तयारीत, आणि ती माउली पोराला म्हणते "बाला". माझी आठ वर्षांची मुलगी भर अंधारात तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे मोठ्याने, विचारते, "बाबा, ही आजी बोबडी आहे का?" पुढच्या दोन रांगा फिदीफिदी हसल्या. पडद्यावर हिरोचा बाप जाऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

मी ठाण्यात राहतो. चार तिकिटं, पार्किंग आणि बादलीभर पॉपकॉर्न यांत जेवढे गेले तेवढ्यात आमच्याकडे पंधरा दिवसांचं दूध येतं. वर घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांमधून रांगत जाणं-येणं. एवढा खटाटोप करून ऐकलं काय, तर "पोली", "डोले" आणि "माझ्याकडे वेल नाही". गिरगावात अख्खा जन्म काढलेली बाई स्वतःच्या चाळीला "चॉल" म्हणते. आणि नवरा गेल्याचं कळल्यावर दारात बसून हंबरडा फोडते, "अहो, हा काय झाला!" काय झाला? बाई, नवरा गेला की व्याकरण?

ऑफिसात तणतणलो तर एक जण म्हणतो, "एका अक्षराने काय बिघडतं रे?" काय बिघडतं? गळ्यात माळ घालायच्या जागी "गल्यात माल" घातलात तर ते लग्न राहतं की तस्करी होते? काळा आणि काला एकच असेल तर गोकुळाष्टमीला वाटतात ते काय?

मजा म्हणजे आमच्या ऑफिसातला घणसोलीचा आगरी मित्र हे ऐकून पोट धरून हसला. त्यांच्या घरी ळ चा ल होतो आणि ण चा न, तो त्यांच्या बोलीचा रीतसर स्वभाव आहे. "तिला आमच्या गावात आणून बसवायची होती, खपून गेली असती," म्हणाला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पण आमच्याकडची बाई या सिनेमावाल्यांना आई म्हणून लागतच नाही. आमचा माणूस लागतो तो गळ्यात सोन्याचा पट्टा घातलेला, जमीन बळकावणारा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ळ निदान कागदावर तरी वेगळा दिसतो. पण तोही कधी? कागद देवनागरीत असेल तर. हिंदी सिनेमाचे संवाद सर्रास रोमनमध्ये लिहिलेले असतात, आता त्यात काही गुपित नाही. तिथे ल साठीही एल आणि ळ साठीही एल. मग च-ज-झ ची तर बातच सोडा, कारण तो घोटाळा देवनागरीतही दिसत नाही. चमच्यातला च वेगळा, चहातला च वेगळा. "माझा" मधला झ एक आणि "माझी" मधला दुसरा. हे आपल्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही, आपसूक आलं. बाहेरून आलेल्या नटाला ते सांगावं लागतं. त्याचा त्यात काडीचा दोष नाही. सांगायला माणूस ठेवायचा असतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

नाहीतर मग चलाखी तरी करा. सिंघमचं "आता माझी सटकली" घ्या. त्यात ळ नाही, ण नाही, चमच्यातला च नाही. झ आहे तोही "माझी" मधला, जो हिंदीवाल्याला जन्मजात येतो. अजय देवगणला अडखळायला जागाच ठेवलेली नाही. दुसरं वाक्य तर त्याहून भारी, "आता तुझी बारी आली". आपण काय म्हणतो? पाळी आली. पाळीची बारी केली की ळ चा काटा परस्पर निघाला! मुद्दाम केलं असेल-नसेल, पण त्या लेखणीला माझा दंडवत.

याउलट 1990 चा अग्निपथ. अमिताभने आवाज एवढा खर्जात नेला की लोकांना थिएटरचा साउंडच बिघडल्यासारखा वाटला. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळू दे, चांगलंच आहे. पण मांडव्याचा माणूस "चौहान"? अहो, मांडवा अलिबाग तालुक्यात आहे, गेटवेवरून लाँच धरली की समोर. तिथे "चव्हाण" असतात! नावापासून सुरुवात.

आणि जमत नाही असं तर मुळीच नाही. मनोज बाजपेयी बिहारचा. 1998 ला सत्यामध्ये भिकू म्हात्रे झाला, आणि आमच्या कळव्याच्या नाक्यावर तशा उभ्या राहणाऱ्या पोरांनाही तो आपल्यातला वाटला. ओम पुरी पंजाबी. 1983 च्या अर्धसत्यमध्ये सब-इन्स्पेक्टर वेलणकर झाला. दर वाक्याला "आयला" नाही, "आई शप्पथ" नाही, मराठी असल्याचा दाखला कुठे काढून दाखवला नाही. नुसता ताठ उभा राहिला तरी वेलणकर वाटला. येत नसेल तर गप्प बसणं हीसुद्धा एक कला आहे. पण आता गप्प बसत नाहीत. हवालदार आला की "ए, काय रे", कामवाली आली की पदर खोचून "अगं बाई", आणि मधली सगळी वाक्यं शुद्ध दिल्लीची.

म्हणे भावना पोचल्या की झालं, उच्चारांचं काय एवढं. मग दंगलसाठी आमिर खानपासून सगळ्यांनी हरियाणवीची तालीम का घेतली? घेतली ते उत्तमच केलं, ऐकताना गोड वाटतं. पण हरियाणा किती लांब, आणि मराठी? ती तर सेटवरच उभी असते! लाइटवाला दादा मराठी, स्पॉटदादा मराठी, मेकअपवाला दादा मराठी. चहाचा कप हातात देणाऱ्या माणसाला "दादा, हे बरोबर म्हणतोय का मी?" एवढं विचारायला कितीसा खर्च येतो? नट अंधेरीत वीस-वीस वर्षं राहतात. माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे.

हां, आता आपल्याही ताटाखाली बघू. मराठी मालिका काय लायकीच्या आहेत? ठाणे-डोंबिवलीची, पुण्याची पोरं गावाकडची होतात म्हणजे काय करतात, तर "म्या", "व्हय", "लई" आणि "नगं" हे चार मसाले एकत्र कुटतात. सासू कोल्हापूरची, जावई साताऱ्याचा, मधूनच एखादं वऱ्हाडी वाक्य, आणि हे सगळे म्हणे एकाच वाड्यात वाढले. ते गाव नकाशावर दाखवा, मी पायी जातो. 2016 ला सैराटमध्ये रिंकू राजगुरू अकलूजची, अकलूजसारखीच बोलली. शहरातल्या लोकांना समजणार नाही म्हणून तिची भाषा कुणी पातळ केली नाही. मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींच्या वर गेलेला तो सिनेमा. यातून कुणी काय शिकलं? नंतर दोन वर्षं सगळ्या मालिकांत "सैराटसारखी" बोलणारी मुलगी आली, अकलूज तेवढं आलं नाही.

आणि ओरडून उपयोग होत नाही असंही नाही. 2019 च्या ठाकरे सिनेमाच्या मराठी ट्रेलरमध्ये बाळासाहेबांना सचिन खेडेकरांचा आवाज होता. खेडेकर म्हणजे केवढा मोठा नट, पण लोकांच्या कानात साहेबांचा आवाज बसलेला. बोंब झाली, आणि चेतन सशितल यांचा आवाज आला. म्हणजे बदलता येतं. फक्त आवाज बाळासाहेबांचा असावा लागतो, गिरगावातल्या म्हातारीचा असून चालत नाही.

इंग्रजीत तरी काय वेगळं आहे म्हणा. 1964 च्या मेरी पॉपिन्समध्ये डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाने लंडनची कॉकनी बोली बोलून दाखवली होती, इंग्रज अजून त्यावर विनोद करतात. पण त्या माणसाने 2017 मध्ये लंडनवाल्यांची हसत हसत माफी मागितली. 53 वर्षांनी का होईना, मागितली. त्या हिशोबाने माझ्या शनिवारची माफी 2078 च्या आसपास येईल. तोवर ती माझ्या मुलीने स्वीकारावी, मी काही असणार नाही.

बरं, हा सिनेमा बघायला मी का मेलो होतो? कळव्याचा माझा जुना मित्र, गडकरी रंगायतनला एकांकिका स्पर्धांत एकत्र पडदे ओढलेले आम्ही, त्याला या सिनेमासाठी "मराठी उच्चार बघायला" बोलावलं होतं. महिनाभर सगळ्यांना सांगत होता, बघा हां, बघा. मी पार्किंगमधूनच फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. घोडबंदरच्या एका बंगल्यात शूटिंग होतं. याला सकाळी सातला बोलावलं आणि दुपारी दीडला आत घेतलं. बाई खरंच चांगल्या होत्या, शिकायला तयार होत्या. याने त्यांना जीभ वर टाळूकडे वळवायला सांगितली, "बाळ, बाळ, बाळ" असं दहा वेळा घोकून घेतलं. अकराव्या वेळी स्वच्छ ळ आला, बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, उजेड चाललाय. टेक झाला, त्यात "बाला". याने हात वर केला. "चलेगा, डबिंग में देख लेंगे." डबिंगला याला कुणी बोलावलंच नाही. दोन तासांत विषय संपला.

आणि त्या दोन तासांत सगळं युनिट याला आडनावाने हाक मारत होतं. आडनाव सांगत नाही, पण त्यात ळ आहे. ते सगळे तिथे ल म्हणत होते. "तू काही बोलला नाहीस?" मी विचारलं. "पहिल्यांदा बोललो. मग कंटाळा आला."

काल त्याचा मेसेज आलाय. त्याच लोकांनी पुढच्या सिनेमासाठी बोलावलंय, यंदा चार तास देतो म्हणाले. हा जाणार आहे. मी म्हटलं, आधीच्याचे पैसे आले का? तर निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.