आयपॅडला टक्कर देणारे टॅब आणि तो फसवा तक्ता

आयपॅडला टक्कर द्यायला नवा टॅब आला की लगेच तुलनेचा तक्ता फिरू लागतो. रॅम जास्त, मेगापिक्सेल जास्त, बॅटरी मोठी, मेमरी कार्डची सोय. म्हणजे नवा टॅब सरस. २०११ पासून असे तक्ते जिंकणारे टॅब बाजारात हरत आले आहेत. माझं ठाम मत आहे की चूक तक्त्यातच आहे, कारण टॅब ज्यावर जगतो किंवा मरतो त्या गोष्टी त्यात नसतातच.

मोटोरोला झूम आठवा. फेब्रुवारी २०११, ड्युअल कोर टेग्रा २ प्रोसेसर, १ जीबी रॅम, १०.१ इंची स्क्रीन, दोन कॅमेरे. समोरच्या आयपॅडमध्ये सिंगल कोर, २५६ एमबी रॅम आणि कॅमेरा एकही नाही. पण कराराशिवाय झूमची किंमत ७९९ डॉलर. तेवढ्याच स्टोरेजचा ३जी आयपॅड ७२९ ला होता, हे खरं. तरी लोकांच्या डोक्यात सगळ्यात स्वस्त आयपॅडचा ४९९ हाच आकडा पक्का बसला होता. झूमचा कार्ड स्लॉट सुरुवातीला चालतच नव्हता, आणि ४जी हवं तर टॅब परत पाठवून आतला भाग बदलून घ्यायचा होता. आठवड्याच्या आत आयपॅड २ जाहीर झाला: ड्युअल कोर, दोन कॅमेरे, जाडी १३.४ वरून ८.८ मिमी, किंमत तीच. तक्त्यातली आघाडी एवढ्या लवकर पुसली जाते.

बाकीच्यांना किंमत का उतरवता येत नव्हती? ॲपलने २००५ मध्येच फ्लॅश मेमरी बनवणाऱ्यांशी २०१० पर्यंतचे करार करून सव्वा अब्ज डॉलर आगाऊ मोजायचं ठरवलं होतं. स्वतः आखलेली चिप, स्वतःची दुकानं, वर ॲप स्टोअरमधला वाटा. सॅमसंग तर एकीकडे गॅलेक्सी टॅब विकत होती आणि दुसरीकडे आयपॅडच्या ए४, ए५ चिपही तिच्याच कारखान्यात तयार होत होत्या.

एचपीचा टचपॅड १ जुलै २०११ ला विक्रीला आला आणि १८ ऑगस्टला बंद झाल्याचं जाहीर झालं. मग तो ९९ डॉलरला काढल्यावर झुंबड उडाली. त्यावरून ‘स्वस्त केला की टॅब खपतो’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो अर्धवट आहे. त्या किमतीत प्रत्येक नगामागे तोटाच होता. त्याच वर्षी ॲमेझॉनने किंडल फायर १९९ ला आणला तो टिकला, कारण मागे पुस्तकं, व्हिडिओ आणि स्वतःचं दुकान होतं.

खरी दुखरी नस म्हणजे ॲप्स. फोनसाठी आखलेलं ॲप मोठ्या स्क्रीनवर उघडलं की नुसतं ताणलं जातं: डावीकडे नाव, उजवीकडे बटण, मध्ये वीतभर रिकामी जागा. मोठ्या स्क्रीनसाठी वेगळी मांडणी देण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०११ पासून आहे. पण टॅब कमी खपतात म्हणून डेव्हलपर ती वापरत नाहीत, आणि ॲप्स वाईट म्हणून टॅब खपत नाहीत. मोठ्या स्क्रीनकडे खास लक्ष देणारं अँड्रॉइड १२एल यायला २०२२ उजाडलं. अँड्रॉइड १६ साठी बनवलेल्या ॲपला आता मोठ्या स्क्रीनवर ‘मी उभाच राहणार’ असा हट्ट सहसा धरता येत नाही. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट स्क्रीनच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाची. १०.१ इंची १६:१० टॅब उभा धरला तर रुंदी १३.६ सेमी. त्यावर ए४ कागदाचं पान १३.६ सेमी रुंद दिसतं आणि वर-खाली अडीच सेमी पट्टा वाया जातो. ९.७ इंची ४:३ आयपॅडवर तेच पान १३.९ सेमी रुंद! इंच कमी, पान मोठं. सिनेमासाठी १६:१० ठीक आहे. वाचायला, टिपणं काढायला नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ ने २०१४ मध्ये ३:२ स्वीकारलं, वनप्लस पॅडने २०२३ मध्ये ७:५. ही निवड मला कुठल्याही प्रोसेसरपेक्षा मोलाची वाटते.

ज्यांनी एक काम धरून ते तडीस नेलं, त्यांनी आयपॅडलाही हलवलं. सरफेस आरटी जुने विंडोज प्रोग्राम चालवू शकत नव्हता आणि मायक्रोसॉफ्टला ९० कोटी डॉलर तोट्यात टाकावे लागले. पण कीबोर्ड-पेनसह खरं विंडोज चालवणारा सरफेस प्रो टिकला, आणि २०१५ मध्ये ॲपलही कीबोर्ड आणि पेन्सिल घेऊन आली. सॅमसंगचा एस पेन (स्क्रीनवर लिहायचं पेन) टॅब एस मालिकेत बॉक्समध्येच मिळतो आणि लिहिण्यापुरतं त्याला चार्जिंग लागत नाही. विद्यार्थ्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

टॅब घेताना मी सांगेन ते असं. रोजची तीन ॲप्स त्यावर उघडा, टॅब आडवा करा, स्क्रीन दोन भागांत वाटा, कीबोर्ड वर आणा आणि लिहायला किती ओळी उरतात ते बघा. स्टोरेज ईएमएमसी (स्वस्त, संथ प्रकार) आहे की यूएफएस (वेगवान प्रकार) ते विचारा. ३२-६४ जीबीचं ईएमएमसी भरत आलं की ॲप अपडेट होत असताना अख्खा टॅब अडखळतो, आणि त्याला रॅमचा इलाज नाही. वाइडवाइन एल१ (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची वरची पातळी) नसेल तर स्क्रीन कितीही चांगली असली तरी बऱ्याच व्हिडिओ सेवांचं चित्र ४८०पी या कमी दर्जावरच अडकतं. आणि अपडेट किती वर्षं, हे लेखी बघा. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ चं आयपॅडओएस १५ मिळालं होतं. सॅमसंगने टॅब एस१० पासून सात वर्षांचं वचन दिलंय. ज्या कंपनीच्या पानावर हा आकडाच सापडत नाही, तिचा टॅब कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.