तळघरातले लाल तेल आणि डिझेल गाडी

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या भागांत घर गरम ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे तेल जाळणारी कुटुंबे गॅसकडे किंवा हीट पंपाकडे वळू लागली, तसा एक संदेश आपल्या मराठी मंडळींतही हातोहात फिरू लागला आहे. त्याचा आशय असा: हीटिंग ऑइल म्हणजे डिझेलच, फरक फक्त लाल रंगाचा, टाकी काढण्यापूर्वी तिच्यात उरलेले तेल फडक्यातून गाळून डिझेल गाडीत भरावे, रंगाचा कायदा ट्रकवाल्यांसाठी आहे, घरच्या गाडीकडे कोणी पाहत नाही. यातील पहिल्या विधानात बरेच तथ्य आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची विधाने खपून जातात.

प्रथम ते तथ्य मान्य करू. कच्चे तेल शुद्ध करताना दोन्ही इंधने जवळपास एकाच टप्प्यावर वेगळी होतात. रस्त्यावरच्या डिझेलमधील गंधक १५ पीपीएमवर (दहा लाख भागांत १५ भागांवर) आणण्याचा नियम अमेरिकेत २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला; हीटिंग ऑइलला तीच मर्यादा न्यूयॉर्कने २०१२ मध्ये, न्यू जर्सीने २०१६ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये घातली. त्यामुळे या राज्यांत आज टँकरमधून येणारे तेल गंधकाच्या बाबतीत डिझेलच्या बरोबरीचे असते. १९८०च्या दशकातील यांत्रिक इंजेक्शनची एखादी जुनी गाडी या तेलावर चालवून दाखवणारा माणूसही खोटे बोलत नसतो, कारण त्या काळचे डिझेलच आजच्या मानाने कितीतरी गंधकयुक्त होते.

परंतु गंधक जुळले म्हणून इंधन जुळले असे होत नाही. डिझेलच्या मानकात सेटेन, म्हणजे दाबाखाली इंधन किती सहज पेटते याचा अंक, किमान ४० असावा लागतो आणि वंगणक्षमतेचीही अट असते. घरगुती तेलाच्या नेहमीच्या प्रतीला या दोन्ही अटी नाहीत, कारण तिथे त्यांची गरजच नसते. बर्नरमध्ये ठिणगीने पेटलेली ज्योत जळत राहते आणि त्याचा पंप १०० ते १४० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबाने तेल फवारतो. आधुनिक डिझेल गाडीत इंधन केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटायचे असते, इंजेक्शनचा दाब ३०,००० पीएसआयच्या आसपास जाऊ शकतो आणि तो निर्माण करणाऱ्या पंपाला वंगण मिळते ते त्याच इंधनातून. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत तेलाचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून डिझेलमध्ये वंगण वाढवणारे द्रव्य मागाहून मिसळतात. घरगुती तेलात ते मिसळलेले असेलच याची हमी नसते. म्हणजे तेल जुने असेल तर त्यातले गंधक धूर गाळणाऱ्या फिल्टरला आणि उत्प्रेरकाला बाधते, आणि नवे असेल तर पंप कोरडा पडण्याची भीती.

खरा घोळ मात्र 'हीटिंग ऑइल' या शब्दांत नसून 'उरलेले' या शब्दात आहे. तळघरातली नेहमीची पोलादी टाकी २७५ गॅलनची असते आणि वीस-तीस वर्षे ती कोणी रिकामी करून धूत नाही. आमच्या घरची टाकी काढण्याआधी मी तिच्या तळाच्या झडपेतून काचेच्या बरणीत थोडे तेल काढून रात्रभर ठेवले. सकाळी वर सरबतासारखे स्वच्छ लाल तेल होते, खाली दोन बोटे गढूळ पाणी होते, आणि दोहोंच्या मधे काळपट, सायीसारखा थर तरंगत होता. टाकीच्या आत दमट हवेतील बाष्पाचे पाणी बनते, ते तळाशी साचते, आणि तेल व पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढून असा गाळ तयार होतो. गंजाचे कण वेगळेच. बरणी हलवली तर सगळे पुन्हा एकजीव. टाकीत शेवटचे तेल उपसतानाही हेच होते. फडक्यातून तेलाबरोबर पाणीही आरपार जाते, आणि इंजेक्टरमध्ये बिघाड करणारे कण काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तिथे मलमलीचे दुपदरी फडकेसुद्धा चाळणीसारखेच.

आता कायदा. रस्त्यावरच्या डिझेलवरील कर घरगुती तेलावर नसतो; असे करमुक्त तेल ओळखता यावे म्हणून त्यात सॉल्व्हंट रेड १६४ हा रंग घालतात. आपल्याकडे रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यामागे जो हिशेब होता, त्याच जातीचा हा हिशेब आहे. संघीय कायदा ट्रक आणि मोटार असा भेद करत नाही. रंगीत तेल आहे हे ठाऊक असून, किंवा ठाऊक असायला हवे असताना, ते रस्त्यावरच्या वाहनात वापरले तर दंड १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जास्त असेल तो. रसायनाने रंग उडवण्याची युक्ती सुचवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रंगात मुद्दाम फेरफार करणे हादेखील त्याच कलमाखालचा गुन्हा आहे. या दंडापुढे पन्नास गॅलनवर बुडणारा संघीय कर, २४.४ सेंटच्या दराने, १२ डॉलर २० सेंट. घरची मोटार क्वचितच तपासली जाते हे खरे आहे. पण पंप बिघडून गाडी वर्कशॉपमध्ये गेली की फिल्टर उघडताच लाल रंग दिसतो आणि वॉरंटीचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

तेल वाया जाऊ नये ही इच्छा मात्र रास्त आहे. बदल उन्हाळ्यात ठरवून आधीच्या हिवाळ्यात नवी भरणी टाळावी, म्हणजे टाकी आपोआप तळाला जाते. वरचे स्वच्छ तेल अजून तेलावरच असलेल्या शेजाऱ्याच्या टाकीत कंत्राटदाराकडून पंपाने भरून देता येते, आणि तळचा गाळ टाकी काढणाराच घेऊन जातो. त्याच दिवशी भिंतीबाहेरचा भरणीचा पाइपही काढून घ्यावा, कारण टाकी गेली तरी तो तसाच राहिल्याने टँकरवाल्याने सवयीने नळी लावून रिकाम्या तळघरात तेल ओतल्याचे प्रकार घडलेले आहेत.