गोरक्षनाथांना भानामतीच्या खात्यात टाकू नका

नागपंचमी जवळ आली, गोरक्षनाथांशी नातं सांगणाऱ्या शिराळ्याचं नाव निघू लागलं की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो. म्हणणं एवढंच: तंत्र म्हणजे करणी-भानामती, गोरक्षनाथांचा नाथपंथ त्याचीच शाखा, ज्ञानोबांच्या भक्तीशी त्याचा संबंध नाही, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही उपासनाच गुन्हा ठरवली.

ज्ञानोबांचा मुद्दा सगळ्यात कच्चा, म्हणून तो आधी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउली स्वतःच आपली गुरुपरंपरा सांगतात: आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. सहाव्या अध्यायात तर कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी कुंडलिनी, म्हणजे योग्यांनी मानलेली देहातली सुप्त शक्ती, येते, मग ती जागी होऊन देहात काय काय करते त्याचं वर्णन ओव्यांमागून ओव्या चालतं. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचं नावही नाही; हे नाथांच्या घरचं. अमृतानुभवात ते ‘ज्ञान हे बंधन’ हे वचन घेतात तेही शिवसूत्रातून, म्हणजे काश्मिरी शैवांकडून. हे सगळं गाळायचं तर माउलींचे अर्धे ग्रंथ बाजूला ठेवावे लागतील.

आता करणी. मारण, उच्चाटन, वशीकरण असे दुसऱ्याला मारायचे, हुसकायचे, वश करायचे प्रयोग तंत्रग्रंथांत आहेत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. कौलमार्ग या तंत्रातल्या एका पंथात मद्य-मांसही होतं. कुणी ते शब्दशः घेतलं, कुणी प्रतीक मानलं. पण इसवी सन १००० च्या आसपास काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्तांनी तंत्रालोक हा ग्रंथ लिहिला तो शेजाऱ्याची म्हैस आटवायला नव्हे. बांधलेल्या जीवाला आपण शिवच आहोत ही ओळख कशी पटते, हा त्यातला प्रश्न आहे. ग्रंथाच्या आरंभी ते ज्या मच्छंद विभूंना वंदन करतात, ते आपले मच्छिंद्रनाथच, असं अभ्यासक सहसा मानतात.

मजकुरात पुरावा म्हणून नवनाथ भक्तिसारातले चमत्कार दिलेत. ती पोथी शके १७४१ ची, म्हणजे १८१९ ची. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पाचशेहून अधिक वर्षांनी रचलेल्या कथांवरून गोरक्षनाथांवर आरोपपत्र ठेवायचं? पोथी श्रद्धेने जरूर वाचावी, इतिहास म्हणून नको.

राहिला कायदा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झटून पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन त्यात स्पष्टपणे वगळलंय. गुन्हा आहे तो भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं, अमक्याने करणी केली म्हणून कुणाकडे बोट दाखवणं, चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं.

आणि हो, मजकूर शेवटपर्यंत वाचलात का? खाली एक मोबाइल नंबर आहे: ‘करणीबाधा खात्रीशीर काढून मिळेल.’ कायद्याचं कलम लावायचंच असेल तर सुरुवात तिथून करा.