सैंधव म्हणजे मीठच गं, मावशी

रविवारी पंचवटीत मावशीकडे गेले होते. ओट्यावर खलबत्ता, त्यात गुलाबी खडा कुटलेला, आणि आमटी तोंडात धरवेना इतकी खारट. "बीपीला चालतं गं हे, नैसर्गिक आहे," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. तोच फॉरवर्ड: सैंधव हिमालयाच्या बर्फात तयार होतं, त्यात 84 खनिजं असतात, सोडियम जवळजवळ नसतंच म्हणून बीपीवाल्यांनी हवं तेवढं खावं, हे चरकांनीच सांगितलंय, आणि आयोडिनचं पांढरं मीठ म्हणजे विष. मावशीचं वरचं बीपी त्या दिवशी 170 होतं. आठ दिवस गोळी बंद!

सोडियमचं आधी बोलते, कारण जिवाशी खेळ तिथे आहे. सैंधव खनिज आहे, कबूल. पण ते खनिज सोडियम क्लोराइडच आहे. मावशीचं पाकीट उलटं करून वाचलं: 100 ग्रॅममागे 38 ग्रॅम सोडियम. अगदी शुद्ध मिठात ते 39 असतं. या एका ग्रॅमच्या भरवशावर गोळी सोडायची? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, मिसळीवरची शेव, सगळं आलं.

आता चरक. चरकसंहितेत सगळ्या लवणांत सैंधव श्रेष्ठ म्हटलंय, हे खरं आहे. पण त्याच ग्रंथात विमानस्थान नावाच्या भागाचा पहिला अध्याय उघडा. तीन गोष्टींचा अतिवापर नको, असं तिथे बजावलंय: पिंपळी, क्षार आणि लवण. अति मीठ खाऊन शरीर शिथिल होतं, हे सांगताना ज्यांची उदाहरणं दिलीत त्यांत सिंधू देशाचे लोकही आहेत, दुधाबरोबरसुद्धा मीठ खाणारे. ज्या सिंधूवरून सैंधवाला नाव मिळालं, तिथलेच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धंच वाक्य उचललं आणि माझ्या मावशीच्या ताटात वाढलं.

बर्फाचं म्हणाल तर बाजारातलं बहुतेक गुलाबी मीठ पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं. 50 कोटी वर्षांहून आधी आटलेल्या समुद्राचं ते मीठ, आणि गुलाबी रंग लोहाच्या गंजाचा. राहिली 84 खनिजं. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात 31 गुलाबी मिठं तपासली. खनिजांचा काही उपयोग व्हायला दिवसाला 30 ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल, असं निघालं. सहा चमचे! एका नमुन्यात शिसंही मर्यादेपेक्षा जास्त होतं.

आयोडिनला विष म्हणणाऱ्यांनी हिमाचलातलं कांगडा खोरं आठवावं. हिमालयाच्या पायथ्याशीच, आयोडिन कमी पडून, घराघरात गलगंड होता. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे आयोडिनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड उतरत गेला. पांढऱ्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घालतात, तेवढी तक्रार मान्य. पण ते विष नव्हे.

खडा फेकून दे, असं मी मावशीला म्हटलं नाही. उपासाच्या भगरीपुरता तो बरणीत ठेवलाय. सोमवारी डॉक्टरांकडे नेऊन आणलं, गोळी परत सुरू झाली, आणि रात्री नऊला मी फोन करते, घेतलीस का म्हणून.